इस्रो सहलीची एक जागा चिठ्ठी टाकून काढा

आमच्या सिंधुदुर्गाशेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीच्या शाळांतली पोरं परीक्षा देऊन इस्रो बघायला गेली, त्यातली काही तर अमेरिकेत जाऊन नासा बघून आली. बातमी वाचली तेव्हा मी मनापासून खूश झालो. कौलारू शाळेतलं, दुपारी खिचडीच्या रांगेत ताट घेऊन उभं राहणारं पोर तिकडे रॉकेटखाली उभं राहून फोटो काढतंय, यापेक्षा चांगला सरकारी खर्च मला तरी माहीत नाही.

पण खूश होऊन झाल्यावर डोक्यात एक किडा वळवळायला लागला, तो अजून गेलेला नाही. ही सगळी पोरं परीक्षेतून निवडलेली. ज्याला परीक्षा जमत नाही, त्याचं काय? आमच्या लहानपणी अंतराळात जायचा रस्ता परीक्षेतून जात नव्हता. तो बिस्किटाच्या पुड्यातून जायचा.

ऐंशीच्या दशकात वाढलेल्यांना हे सांगायला नको. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून वर गेले, आठवडाभर सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर राहून आले, आणि इकडे कंपास पेटीपासून दप्तरापर्यंत दिसेल त्या वस्तूवर रॉकेट चढलं. दोन रुपयांच्या नोटेमागे आर्यभट्ट उपग्रह आधीपासून होताच. वह्यांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं, त्यावर हेल्मेटातले हसरे अंतराळवीर. ८६ च्या सुरुवातीला हॅलेचा धूमकेतू येऊन गेला. तो आमच्यापैकी कोणाला धड दिसला नाही, पण त्याच्या नावाने च्युइंगमपासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यांनी हात धुऊन घेतले.

त्याच सुमाराची ती स्पर्धा. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुड्याच्या मागे छापलेलं होतं: पाच वेष्टनांवरची रॉकेटची चित्रं कापून पाठवा, सोबत घोषवाक्य दहा शब्दांत पूर्ण करा, ‘मला अंतराळात जायचे आहे कारण...’. पहिलं बक्षीस अमेरिकेची सहल, नासा दर्शनासह. दुसरं दुर्बीण. मग घड्याळं, टोप्या, आणि उत्तेजनार्थ अंधारात चमकणाऱ्या चांदण्या. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, कंपनीचे कर्मचारी व त्यांचे नातेवाईक यांना भाग घेता येणार नाही. हे शेवटचं वाक्य वाचून आम्हाला फार बरं वाटायचं. आमच्या देवगड तालुक्यातल्या वाडीत त्या कंपनीचा कर्मचारी असण्याची शक्यता शून्य होती, म्हणजे आम्ही सगळे पात्र!

अडचण वेगळीच. आमच्या दुकानात बिस्किटं मिळायची ती डब्यातली, सुटी, कागदाच्या पुडीत बांधून. छापील पुडा यायचा तो मुंबईहून, चाकरमान्यांच्या बॅगेतून. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण व्हायला ९८ साल उजाडलं. रातराणीने अंग आंबवून आलेल्या काकाच्या पायाशी आम्ही बसायचो ते पाया पडायला नव्हे, पिशवी कधी उघडते ते बघायला. मे महिन्यात जे पुडे येतील तेवढेच. पुढची खेप गणपतीत, आणि स्पर्धेची शेवटची तारीख नेमकी गणपतीच्या आधी संपायची. पुडा फोडायचा तोही ब्लेडने, रॉकेटला चीर जाता कामा नये म्हणून. ती चित्रं पावसाळ्यात सांभाळणं म्हणजे एक व्यापच. मेणकागदाला दमट हवा लागली की कडा वळायच्या, मागे चिकटलेल्या साखरेला मुंग्या यायच्या. मी ती आरत्यांच्या पुस्तकात दाबून ठेवली होती, त्यामुळे आमच्या ‘घालीन लोटांगण’च्या पानावर बरेच दिवस तेलकट डाग आणि व्हॅनिलाचा वास होता.

आजोबांना हा सगळा उद्योग मान्य नव्हता. ते म्हणायचे, “चंद्रार जावन काय करतलंस रे झिला? थंय पाणीच नाय, मगे मासो खंयसून गावतलो?” विज्ञानाच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता.

माझ्या वर्गात मासेमारी करणाऱ्या खारव्याचा एक मुलगा होता. सातवीत गटांगळ्या खाऊन पुढे शाळा सुटली त्याची. त्याने आणि मी मिळून प्रवेशिका भरल्या. माझं घोषवाक्य निबंधाच्या वहीतून उचललेलं, विज्ञान, मानवजात, वरदान असं सगळं भरगच्च. त्याने लिहिलं, ‘...कारण तिथून बाबांची होडी कुठवर आली ते दिसेल.’ मला छापील दिलगिरीचं पत्र आलं, सोबत एक सवलतीचं कुपन, जे फक्त मुंबई-पुण्याच्या निवडक दुकानांत चालणार होतं. त्याला चांदण्यांचं पाकीट आलं. त्याचं घोषवाक्य परीक्षकांना भावलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती हजारो घोषवाक्यं कोणी वाचली असतील यावर माझा विश्वास नाही. नुसती सोडत काढली तर कायदा आडवा येतो, म्हणून अशा योजनांना घोषवाक्याचं ‘कौशल्य’ शेपटीसारखं चिकटवलेलं असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्याचं पाकीट निघालं ते नशिबाने. आणि तेच मला आवडतं.

त्या चांदण्यांना आम्ही रेडियमच्या म्हणायचो. त्यात रेडियम नव्हतंच, झिंक सल्फाइडचा लेप असायचा. तो उजेड पितो आणि मग थोडा थोडा सोडतो. त्या मुलाच्या घरी वीज नव्हती. कंदिलाची काच वर करून तो एकेक चांदणी चिमटीत धरून ज्योतीजवळ न्यायचा, वितळणार नाही इतक्या अंतरावर, आणि मग कंदील बारीक करायचा. फिकट पोपटी उजेड दिसायचा, आपण नीट बघेपर्यंत विझायचाही. मग पुन्हा कंदील मोठा. त्याची आई रॉकेलच्या नावाने ओरडेपर्यंत हे चालायचं.

आता हा मुलगा परीक्षेत नापास, पण भरती-ओहोटी त्याला तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाला, आणि पाणी भांगाचं, फार चढायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. चंद्राचा आणि पाण्याचा हा हिशेब शाळेत आम्हाला कोणी शिकवला नव्हता, त्याला घरातच आला होता. पण इथे मला नेहमीचा मुद्दा करायचा नाही. ‘बघा, तोही खरा हुशारच, परीक्षेला ओळखता आलं नाही’ असं मी म्हणत नाहीये. त्याला भरतीचा भ सुद्धा कळत नसता तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं. रॉकेट बघायला हुशारी कशाला लागते?

चिठ्ठीने माणूस खरोखर वर जाऊ शकतो, हे तर आपल्या डोळ्यांदेखत झालंय. सप्टेंबर २०२१ मध्ये इन्स्पिरेशन ४ नावाची मोहीम गेली. चार जण, चौघांपैकी कोणीही सरकारी अंतराळवीर नाही, तीन दिवस पृथ्वीभोवती. त्यातली एक जागा मुलांच्या रुग्णालयासाठी देणग्या गोळा करायच्या सोडतीतून निघाली. गंमत म्हणजे चिठ्ठी निघाली एकाच्या नावाची, त्याला जाणं जमेना, त्याने जागा मित्राला देऊन टाकली, आणि क्रिस सेम्ब्रोस्की नावाचा तो मित्र अंतराळात जाऊन आला. दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. अँटिग्वा या कॅरिबियन बेटावरच्या कीशा शाहाफ यांना सोडतीत दोन तिकिटं लागली. त्या आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन व्हर्जिन गॅलॅक्टिक या खासगी कंपनीच्या यानातून ८० किलोमीटरच्या वर जाऊन आल्या. बेटावरची बाई, समुद्र, माड, पर्यटक. आमच्या तारकर्लीतल्या एखाद्या वहिनीला लागल्यासारखंच झालं ते.

याउलट ब्रिटनची गोष्ट. तिथे १९८९ मध्ये जाहिरात आली: अंतराळवीर पाहिजे, अनुभवाची गरज नाही. हेलन शार्मन यांनी ती गाडीत रेडिओवर ऐकली आणि अर्ज केला. त्या चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीत रसायनतज्ज्ञ होत्या. आम्ही इकडे चॉकलेटचे कागद पाठवत होतो आणि चॉकलेट कंपनीतली बाई मे १९९१ मध्ये खरोखर मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकावर पोहोचली. मात्र ‘अनुभवाची गरज नाही’ हे जाहिरातीपुरतं. सुमारे १३ हजार अर्जांतून चाळण्या लावत लावत निवड झाली. शेवटी परीक्षाच.

आणि स्कायलॅब, नासाचं ते पृथ्वीभोवती फिरणारं अंतराळस्थानक! ११ जुलै १९७९ ला ते पडलं तेव्हा मी अगदी लहान होतो, पण ऐकलंय इतकं की डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. आपल्यावरच पडणार या खात्रीने लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या म्हणे, मागे ठेवायच्या कोणासाठी? तिकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर या वर्तमानपत्राने बक्षीस लावलं होतं: ७२ तासांत स्कायलॅबचा पहिला तुकडा आमच्या कचेरीत आणून द्या, १० हजार डॉलर घेऊन जा. तुकडे पडले पश्चिम ऑस्ट्रेलियात. एस्परन्स गावातल्या १७ वर्षांच्या स्टॅन थॉर्नटनच्या घराच्या आवारात काही पडले. पोरगं ते उचलून विमानात बसलं आणि बक्षीस घेऊन आलं. (त्या गावच्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला, हे मला बक्षिसाहूनही आवडलेलं आहे.) थॉर्नटनची काय पात्रता होती? त्याचं घर तिथे होतं, इतकीच.

आमच्या शाळेची अंतराळ सहल व्हायची विजयदुर्गला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत, तिथे उभं करून गुरुजी सांगायचे की हेलियमचा शोध इथे लागला. अभिमानाने छाती फुगायची. पुढे वाचलं तर हेलियमचा शोध ज्या १८६८ च्या ग्रहणाशी जोडला जातो, त्या साली त्याचं श्रेय ज्यांना देतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेब इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला. हे मी गावात फारसं बोलत नाही. जेवणाचं आमंत्रण बंद होईल.

तर, २०१९ मध्ये चंद्रयान-२ च्या वेळी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ऑनलाइन प्रश्नमंजुषा होती. १० मिनिटांत २० प्रश्न, जास्त बरोबर आणि कमी वेळ त्याचा नंबर. प्रत्येक राज्यातून दोन मुलं बंगळूरला, पंतप्रधानांसोबत यान उतरताना बघायला. कल्पना चांगलीच होती. पण आमच्याकडे नेटवर्क मिळायला पोरांना सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर जावं लागतं, तिथेही वारा फिरला की रेंज जाते. बिस्किटवाल्यांच्या योजनेत निदान पोस्टाचा शिक्का शेवटच्या तारखेच्या आतला असला की पुरे होतं. दादरच्या पोराचं पाकीट आणि आमच्या वाडीतलं पाकीट एकाच पोत्यात पडायचं. त्या कंपन्या काही साधुसंत नव्हत्या. बिस्किटं खपवायला आम्हाला आकाश दाखवत होत्या, हे आता कळतं. पण आमच्या नावाची चिठ्ठी त्या पोत्यात होती.

शिक्षक असलेल्या एका मित्राशी या विषयावर माझं जोरदार भांडण झालं. त्याचं म्हणणं, मेहनत करणाऱ्या मुलावर अन्याय होईल, पालक भांडायला येतील, ‘नशिबावर सोडणं’ हा चुकीचा संस्कार आहे. मी म्हटलं, म्हाडाचं घर सोडतीने लागतं. आरटीईचा प्रवेश सोडतीने होतो. सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने ठरतं, तीही लहान पोराच्या हातून चिठ्ठी काढून. आणि आपल्या गावऱ्हाटीत तर पिढ्यान्‌पिढ्या देवाला कौल लावून जमिनीची भांडणं मिटवली. इतकं सगळं चालतं, आणि फक्त रॉकेट बघायला गुणवत्ता यादी हवी?

माझी मागणी फार नाही. परीक्षेतून निवडलेल्या एकाही मुलाची जागा काढू नका. दर तालुक्यात एक जागा वाढवा आणि ती पटावरच्या नावांतून चिठ्ठी टाकून भरा. हजेरीची अट घाला हवी तर, तेवढी चालेल. शाळेत रोज येणाऱ्या पण कुठल्याच यादीत न येणाऱ्या पोराला वर्षातून एकदा तरी आपलं नाव निघेल की काय म्हणून पोटात गोळा येऊ दे. आमच्या पोटात यायचा. पोस्टमनकाका वाडीच्या उतरणीला दिसले की आम्ही खेळ टाकून धावायचो.

मित्र शेवटी वैतागून म्हणाला, लिहून दे, पुढच्या शिक्षण परिषदेत मांडतो. लिहून दिलंय. नियमांत फक्त एक बदल केलाय: शिक्षक, कर्मचारी व त्यांचे नातेवाईक यांनाही भाग घेता येईल. त्याचा धाकटा मुलगा गणितात दोनदा गचकलाय, त्याने का मागे राहावं?