मुलाखत राहू द्या, आधी कार्यक्रमांचं पान नीट लावा

शहरातल्या गाण्याबजावण्यावर नियतकालिक काढायचं ठरलं की पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हमखास असा चेहरा येतो, ज्याची मुलाखत आधीच दहा ठिकाणी छापून झालेली असते. अंक चाळून बाजूला पडतो. आगामी कार्यक्रमांचं पान भरवशाचं असेल, तर मात्र तोच अंक पंधरा दिवस हाताशी राहतो.

नेमकं हेच पान सगळ्यात जास्त फसतं, कारण माहिती पोस्टरवरून उचललेली असते. पोस्टरवर तारीख एक, वार भलताच. म्हणून वार कॅलेंडर उघडून स्वतः तपासायचा. दारं उघडण्याची वेळ आणि गाणं सुरू होण्याची वेळ वेगळी लिहायची. प्रवेश खुला की तिकीट, हे गाळायचं नाही. अंक छपाईला जायच्या दोन दिवस आधी फोन करायचा, तोही आयोजकाला नव्हे, सभागृहाला. कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगायला आयोजक लाजतो. बुकिंगच्या वहीला लाज नसते.

मासिकापेक्षा पाक्षिक बरं. एक तारखेला अंक हातात हवा, तर मजकूर आधीच्या महिन्याच्या विशीतच बंद करावा लागतो, आणि छोट्या जागांचे कार्यक्रम बहुतेक त्यानंतर ठरतात. लिव्हरपूलमध्ये बिल हॅरी यांनी 6 जुलै 1961 रोजी 'मर्सी बीट' हे तिथल्या गाण्याबजावण्याचं वृत्तपत्र सुरू केलं, तेही पाक्षिकच. पहिल्या अंकाच्या 5,000 प्रती होत्या. त्यात बीटल्स या तिथल्याच बँडवर मजकूर होता, आणि ब्रिटनमध्ये त्यांची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली ती ऑक्टोबर 1962 मध्ये. शहराच्या अंकाने असं आधी पोचायला हवं.

परीक्षणात साथीदारांची नावं नसतील तर ते परीक्षण छापू नये, इतकं माझं मत टोकाचं आहे. नाव कसं लिहायचं ते वाजवणाऱ्यालाच विचारावं, निवेदकाच्या उच्चारावर जाऊ नये. लिहिणाऱ्याने शक्यतो साउंडवाल्याच्या टेबलाजवळ बसावं. भिंतीला टेकून ऐकलं की खालचे स्वर फुगतात, आणि मग बिचाऱ्या बासवाल्यावर उगाच ताशेरे ओढले जातात. जाहिरात आणणारा आणि परीक्षण लिहिणारा माणूस एकच असू नये, हे वेगळं सांगायला नको.

आता फोटो. निम्मे अंक इथेच मार खातात. मंचावर लाल एलईडी असताना कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबलं, तर लाल रंग जळतो आणि चेहऱ्याचा सपाट गोळा होतो. गाल, नाक काही वेगळं दिसत नाही. संगणकावर कितीही खटपट केली तरी जळालेला तपशील परत येत नाही. मीटर सांगतो त्यापेक्षा एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी उजेड घेऊन रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्यावी आणि लाल चॅनलवरून, म्हणजे त्यातल्या फक्त लाल रंगाच्या नोंदीवरून, कृष्णधवल करावी, नाहीतर पांढरा उजेड पडेपर्यंत थांबावं. व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात आलेला फोटो मोठा छापण्याच्या भानगडीत पडू नये: 1600 पिक्सेल रुंदी म्हणजे 300 डीपीआयला (छपाईत एका इंचात 300 ठिपके) जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर. मूळ फाइल मेलने मागवायची.

आणि मधोमध पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीतच बसतात. मजकूर अठरा पानांचा झाला तर दोन पानं कापा. वीस करण्यासाठी ती सुप्रसिद्ध मुलाखत घुसवू नका.