मापटं

‘दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी.’ आजी म्हणायची तेव्हा मला ते कोडं वाटायचं. टोकियोत येऊन ‘गो’ शिकायला लागलो आणि कळलं, की हा नियम आहे. गोच्या पटावर तुमच्या खड्यांना चहूबाजूंनी वेढा पडला, तर आत दोन वेगवेगळे डोळे, म्हणजे दोन सुटी रिकामी घरं राखता आली तरच तुम्ही जगता. भेट झाली की खेळ खलास. आजीला गो येत नव्हता, पण माझ्यापेक्षा बरा आला असता.

मी राहतो निशी-कासाईत. इथं भारतीय इतके, की लिफ्टमध्ये जपानी माणूस भेटला तर आपणच पाहुणचाराच्या सुरात बोलतो. तर अशाच एका जपानी आजोबांनी मला रविवारी गो-काइशोत, म्हणजे गो खेळायच्या अड्ड्यावर नेलं. पैसे भरायचे, चहा मिळतो, दिवसभर बसा. मी गेलो की तिथलं सरासरी वय धाडकन खाली येतं. आजोबा मला नऊ खडे आगाऊ देतात. १९ आडव्या, १९ उभ्या रेघा, त्या छेदतात तिथे घर, अशी ३६१ घरं, त्यात माझे नऊ काळे खडे आधीच मांडलेले. म्हणजे शर्यतीत मला कात्रजच्या घाटातून सोडायचं आणि त्यांनी पुण्यातून निघायचं. तरी साताऱ्याला ते आधी पोचतात.

त्या रविवारी मात्र उजवा वरचा कोपरा माझा होता. तीन बाय तीन, नऊ रिकामी घरं, भोवती काळी भिंत. सातबारा माझ्या नावावर झाल्यासारखा मी निर्धास्त दुसरीकडे खेळलो. आजोबांनी चहाचा घोट घेतला, पांढरा खडा दोन बोटांत धरला आणि कोपऱ्यापासून दोन-दोनच्या घरावर ठेवला. टक्.

थोड्याच वेळात मी मान लववून ‘माकेमाशिता’ म्हटलं. म्हणजे ‘हरलो’. जपानीत मी सगळ्यात सफाईने बोलतो तो शब्द.

या आकाराला जपानीत इचिगो-मासु म्हणतात. मासु म्हणजे तांदूळ नाहीतर साके मोजायची चौकोनी लाकडी पेटी. एक ‘गो’ मापाची, सुमारे १८० मिलीची. (हा ‘गो’ वेगळा. जपानी भाषेला माझी दया येत नाही.) थोडक्यात, आपलं मापटं. इंग्रजीत याच कोपऱ्याला सुताराचा गुण्या म्हणतात. मला जपानी नाव पटतं. आपल्याकडे सून माप ओलांडून घरात येते. या मापात शिरलेला मनुष्य काही बाहेर येत नाही.

आजोबांनी अभ्यास दिला : पांढऱ्याने सुरुवात करायची, काळ्याने शेवटपर्यंत बचाव करायचा, पुढच्या रविवारी दाखवायचं. दोन-दोनच्या त्या घरावर मीच वेळेवर खडा ठेवला असता तर कोपरा जगला असता, हेही सांगितलं. बैल गेला नि झोपा केला, याला जपानीत काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

सोमवारी मेट्रोच्या तोझाई लाइनवर कोडं डोक्यात घेऊन चढलो. सकाळच्या त्या गर्दीत हात हलवता येत नाही, तेव्हा खडे मनातल्या मनात मांडायचे. किबा येईपर्यंत मी जगलो होतो. मोन्झेन-नाकाचोला मेलो. कायाबाचोला लक्षात आलं, की मघाशी एकाच घरात दोन खडे ठेवले होते. चालींच्या एका फांदीत ‘सेकी’ निघाली, म्हणजे दोघांनीही एकमेकांना मारायचं नाही, चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांसारखं जन्मभर तसंच बसायचं. मला ते फार आवडलं. पण आनंदात ओतेमाची मागे पडलं, आणि त्या फांदीत पांढरा चुकलाय हे ताकेबाशीला समजलं.

मग रात्री ओट्यावर पट आखला. पांढरे म्हणून छोले, काळे म्हणून कुरोमामे. इथलं काळं सोयाबीन. मालवणची माझी बायको काळ्या वाटाण्याची तहान त्याच्यावर भागवते.

‘दोन-एकच्या घरी चमत्कार असतो’ अशा अर्थाची एक जपानी म्हण आहे. कोपऱ्यात अशी घरं दोन. मी दोन्हीकडे खेळून पाहिलं. चमत्कार झाले, पण पांढऱ्याच्या बाजूने. भिंतीबाहेर श्वास घ्यायला फटसुद्धा नसेल तर काळा सरळ मरतो. फट ठेवली, पुन्हा मांडलं, आणि साडेबाराला उत्तर सापडलं : ‘को’.

को म्हणजे जगणंही नाही, मरणंही नाही. तो तंटा आहे. समोरच्याने तुमचा एक खडा वेढून उचलला, तर त्याच जागी लगेच उलट उचलायचा नाही. आधी पटावर दुसरीकडे कुठेतरी आग लावायची, तो विझवायला धावला की परत येऊन उचलायचा. मग त्याने आग लावायची.

‘अजून किती वेळ?’ बायकोने विचारलं.

‘कचरा उद्या जळणारा की प्लॅस्टिकचा?’ मी म्हणालो.

‘तुझ्या आईला फोन केलास?’

मी फोन शोधायला आत गेलो. आईला फोन करायला भारतातसुद्धा रात्रीचे नऊ वाजून गेले होते, पण केला. तिला इचिगो-मासु समजावलं. ती म्हणाली, मापटं माळ्यावर आहे, हवं तर कुरिअर करते.

परत आलो तर ओटा स्वच्छ पुसलेला. छोले एका पातेल्यात, कुरोमामे दुसऱ्यात, दोन्ही पाण्याखाली. उत्तर मी कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

सकाळी झाकण काढलं. एकेक कुरोमामे फुगून दुप्पट झाला होता. एवढे मोठे खडे असते तर त्या नऊ घरांत पांढऱ्याला शिरायला जागाच उरली नसती.

‘त्यात बोटं घालू नकोस,’ ती म्हणाली, ‘आणि आज उतर ओतेमाचीला.’