‘काका, घर म्हणजे साखर कारखाना नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘बॉयलरचा काटा’ या माझ्या लेखावर सांगलीहून ‘कृष्णाकाठ’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या हिवाळ्यात तीन महिने मी लेकीकडे लीड्सला होतो आणि तिच्या घरातल्या सेंट्रल हीटिंगचं (बॉयलरमध्ये तापवलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांमधून फिरवून घर गरम ठेवण्याच्या सोयीचं) प्रेशर कसं सांभाळलं ते लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं (की ताईंचं, नावावरून कळायला मार्ग नाही) म्हणणं असं: ‘काका, घर म्हणजे साखर कारखाना नव्हे. दर आठ दिवसांनी पाणी भरावं लागतंय म्हणजे कुठेतरी दोष आहे, तो शोधा. एक्स्पान्शन व्हेसल तपासलं का? सारखं नवं पाणी भरलंत तर रेडिएटर आतून गंजतील. आकडाही चुकलाय. आणि सातारा-सांगलीत हे वाचून कोणाला काय उपयोग?’

आधी चूक कबूल करतो. ‘थंड असताना १५ बार’ (बार म्हणजे दाबाचं माप) असं पडलं होतं, ते १.५ हवं. टिंब राहिलं. ३ बारला सेफ्टी (दाब जास्त झाला की आपोआप उघडणारी झडप) उडते हे त्याच लेखात खाली लिहिलेलं असल्याने १५ कोणी खरं धरलं असेल असं वाटत नाही, पण चूक ती चूक. दुरुस्त केली आहे. आभार.

आता ‘काका’. मला काका म्हणायला माझी हरकत नाही. आमच्या साताऱ्यातल्या पवई नाक्यावरचा भाजीवालाही म्हणतो. पण तो काका म्हणतो आणि मेथीची जुडी पिशवीत टाकतो. तुमच्या ‘काका’पुढे स्वल्पविराम आहे, आणि जे काही आहे ते सगळं त्या स्वल्पविरामात आहे. म्हातारा परदेशी गेला, दिसेल त्या नळाला हात लावत बसला, असंच ना?

मी साखर कारखान्यात बॉयलर हाउसला ३१ वर्षं काढली. फायरमन म्हणून, म्हणजे भट्टीत इंधन घालायला लागलो, मग बॉयलर अटेंडंटची सेकंड क्लासची परीक्षा दिली, मग फर्स्ट क्लासची. २१ किलोच्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाच्या) बॉयलरवर शिकलो आणि ४५ किलोच्या बॉयलरवरून निवृत्त झालो. दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं, चेअरमनसाहेब नारळ फोडायचे, पेढे वाटले जायचे, फोटो निघायचे आणि मंडळी घरी जायची. त्यानंतर गळीत हंगाम संपेपर्यंत त्या काट्यासमोर आम्ही. ओला बगॅस (जळणाचं उसाचं चिपाड) आला की वाफ पडते, मिलवाले ओरडतात. मिल अचानक थांबली की वाफ चढते आणि सेफ्टी उडते. ती उडाली की आवाज तीन वाड्यांत जायचा. सकाळी घरी पोचलो की बायको चहाआधी विचारायची, ‘रात्री तुमचीच पाळी होती ना?’ अशा माणसाला तुम्ही काटा वाचायला शिकवणार?

आणि घर म्हणजे कारखाना नव्हे हे मीच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तिथला घरगुती बॉयलर नावालाच बॉयलर. त्यात वाफ होत नाही, पाणी उकळतसुद्धा नाही. साठ-सत्तर अंशांचं पाणी पंपाने घरभर फिरतं, रेडिएटर तापवतं आणि परत येतं. सगळं बंद. दाब लागतो तो पाणी वरच्या मजल्यापर्यंत भरलेलं राहावं आणि आत हवा शिरू नये एवढ्यापुरता. १ बार म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा स्तंभ. लेकीचा बॉयलर खाली स्वयंपाकघरात, सगळ्यात उंच रेडिएटर वरच्या खोलीत, म्हणजे पाचेक मीटरवर. म्हणून थंड असताना १ ते १.५ बार पुष्कळ. तापल्यावर पाणी फुगतं, काटा २ च्या आसपास जातो, जाऊ द्यावा. वाचायचं ते थंड असताना. गाडीच्या चाकातली हवा आपण सकाळी बघतो, घाट चढून आल्यावर नाही. यात कारखाना कुठे आला?

मी काय करायचो तेही परत सांगतो, म्हणजे ‘दिसेल त्या नळाला हात’ हा संशय राहायला नको. सकाळी सहाला, हीटिंग रात्रभर बंद असताना, स्वयंपाकघरातलं कपाट उघडायचो. काटा ०.५ वर. बॉयलरखाली स्टीलच्या जाळीची एक नळी, तिच्या दोन्ही टोकांना दोन छोटे कॉक. पहिला पूर्ण उघडायचा, दुसरा अगदी हळू, दोन बोटांनी. सुंऽऽ असा बारीक आवाज येतो आणि काटा उठतो, दम्याचा माणूस जिना चढतो तसा, थांबत थांबत. १.३ ला दोन्ही बंद, नळी काढून ठेवायची, कारण तिथे ती कायम जोडलेली ठेवत नाहीत. मग हीटिंग लागायचं आणि तासाभरात काटा २.८, कधी ३ च्या काठावर. बाहेरच्या भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी निघते, तिच्या तोंडाशी थेंब थेंब. म्हणजे सेफ्टी आपलं काम चोख करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जरा खाली, आठवड्याने परत अर्ध्यावर.

हे सगळं वाचून तुम्हाला ‘दोष शोधा’ एवढंच सुचलं. बरं.

गंजाबद्दल तर मला नका सांगू. कारखान्यात बॉयलरला जाणारं पाणी आधी डीएरेटरमधून जातं. का? नव्या पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो पोलाद खातो, म्हणून वाफेने तापवून बाहेर काढतात. त्या डीएरेटरचं तापमान मी हंगामभर तासातासाला वहीत लिहिलंय. घरातल्या रेडिएटरमध्येही तसंच होतं, आत काळा गाळ साठतो, म्हणून त्या पाण्यात गंजरोधक औषध घालतात, हेही मला माहीत आहे. मी आठवड्याला तांब्याभर पाणी भरत होतो. तांब्याभर!

एक्स्पान्शन व्हेसलचं एकदाच सांगून टाकतो. मी परत आल्यावर लेकीने मेकॅनिक बोलावला. व्हेसल म्हणजे लोखंडी डबा, आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून. त्याला मोटारीच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. मेकॅनिकने त्याची पिन दाबली तर हवेऐवजी पाणी आलं. पडदा फाटलेला. व्हेसल बदललं. आता लेक काट्याचा फोटो पाठवते: सकाळी १.३, तापल्यावर १.७. झालं. यावरून कोणी हुरळून जाऊ नये. रबर आहे, कधीतरी फाटणारच.

मग आधीच का बोलावला नाही, असं तुम्ही विचारणार. तिथे गॅस बॉयलरचं काम नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं असा कायदा आहे, त्यामुळे मी पाना घेऊन बसू शकत नव्हतो. आणि मेकॅनिक बोलवा हे सांगायचं कोणी? पहिल्याच आठवड्यात जावई म्हणाले होते, ‘बाबा, तुम्ही आहात म्हटल्यावर बॉयलरची काळजी नाही.’ जावयाच्या घरात सासऱ्याने किती बोलायचं हे त्या जागी बसल्याशिवाय समजत नाही. बाहेर चार वाजता अंधार, दोघं कामावर, नात शाळेत. त्या घरात मला विचारून होणारी तेवढी एकच गोष्ट होती. असो, हा विषय तुमच्या प्रतिक्रियेत नव्हता.

शेवटचं, उपयोगाचं. आमच्या एका गल्लीत तीन घरांतली मुलं थंड देशांत आहेत आणि दोन घरांतून लेख वाचून फोन आले. शिवाय दाबाचं गणित साताऱ्याला परकं नाही. कास तलावाचं पाणी आपल्या वजनानेच डोंगरावरून गावात उतरतं. तुमच्याकडे गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेलच. टाकीतलं पाणी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर तिथे दाब ०.३ बार, म्हणून शॉवर रडतो. प्लंबर शॉवर बदला म्हणेल, ऐकू नका. टाकी उंच करा नाहीतर प्रेशर पंप बसवा. घ्या, सांगलीसाठीही उपयोग झाला.

आणि पुढच्या वेळी नाव लिहून भांडा. नदीच्या काठाशी बोलताना नेमकं कोणत्या तीरावर बघायचं ते मला कळत नाही.