फोटो माझा, त्यावरचे निर्णय माझे, मग ते उघडायला भाडं कशाला?

फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर गेली हा विषय निघाला की बोलणं लगेच पैशांवर येतं. महाग झालं, परवडत नाही, वर्षाला इतके जातात. मला पैशांचा मुद्दा दुय्यम वाटतो. खरं दुखणं वेगळं आहे. ते समजून घ्यायचं तर आपण रॉ फाइल एडिट करतो तेव्हा नेमकं काय घडतं, तिथून सुरुवात करावी लागेल.

रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, आणि तिला सॉफ्टवेअर हात लावत नाही. सेन्सरने जे टिपलं ते जसंच्या तसं राहतं. आपण स्लायडर सरकवतो तेव्हा फक्त सूचना लिहिल्या जातात. अ‍ॅडोब कंपनीच्या लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये या सूचना कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये साठतात, आणि तशी सेटिंग केली असेल तर प्रत्येक रॉ फाइलशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइलही तयार होते. कधीतरी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. ओळीखाली ओळ दिसेल: टेम्परेचर ५२००, एक्स्पोजर +०.३५, हायलाइट्स -४८, शॅडोज +३०, क्रॉप डावीकडून इतका, वरून इतका. सगळी मिळून काही केबींची फाइल. पण चेहऱ्यावर संध्याकाळचा पिवळेपणा किती राहू द्यायचा, मागची उजळ भिंत किती दाबायची, कोपऱ्यातला माणूस फ्रेममध्ये ठेवायचा की कापायचा, हे सगळं त्या ओळींत असतं. कॅमेऱ्याने दिलेल्या कच्च्या मालाचं छायाचित्र होतं ते या ओळींमुळे.

आता तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला देऊन बघा. क्रॉप कदाचित जमेल, एक्स्पोजर साधारण जुळेल, कीवर्ड आणि स्टार रेटिंग बहुतेक नीट येतील. पण ‘हायलाइट्स -४८’ म्हणजे पिक्सेलवर नेमकी कोणती क्रिया करायची, हे गणित मूळ कंपनीच्या इंजिनात आहे. मास्क, ब्रश, एआयने केलेलं सिलेक्शन यांचं तर नावच नको. आकडा माझ्या हातात राहतो, आणि त्या आकड्याला अर्थ देणारं यंत्र भाड्याने घ्यावं लागतं.

नवीन फीचर हवं असेल तर पैसे द्या, हे मला शंभर टक्के मान्य आहे. दर वर्षी नवे कॅमेरे येतात, त्यांच्या रॉ फाइलचा सपोर्ट लिहावा लागतो, लेन्स प्रोफाइल बनवावी लागतात, दर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर डागडुजी करावी लागते. ते करणाऱ्या इंजिनिअरांना नियमित पगार मिळायलाच हवा. पण मी पाच वर्षांपूर्वी केलेलं काम पुन्हा उघडून त्यात थोडा बदल करायचा, तर त्यासाठी आजचा हप्ता चालू असलाच पाहिजे, हे मला पटत नाही. त्या कामाचे पैसे तेव्हाच देऊन झालेले आहेत.

हे कसं घडत गेलं तेही सांगतो, कारण बरेच नवे फोटोग्राफर सबस्क्रिप्शनच्या जमान्यातच आलेत. लाइटरूमची पहिली आवृत्ती २००७ ची. तेव्हा डबा विकत घ्यायचा, पुढची आवृत्ती आवडली तर कमी किमतीत अपग्रेड करायचं, नाही आवडली तर जुन्यावरच काम करायचं. २०१२ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे अ‍ॅडोबचं सबस्क्रिप्शन, आलं. २०१३ च्या मे महिन्यात अ‍ॅडोबने जाहीर केलं की फोटोशॉपची यापुढची आवृत्ती फक्त सबस्क्रिप्शनवर मिळेल. सुटी विकत मिळणारी सीएस६ ही आवृत्ती शेवटची. लाइटरूम मात्र आणखी काही वर्षं सुटी विकत मिळत राहिली, त्यामुळे फोटोग्राफर मंडळी तशी निर्धास्त होती. २०१५ मध्ये लाइटरूम ६ आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने सांगितलं की हीच शेवटची, आणि त्याच दिवशी एका सॉफ्टवेअरची दोन झाली: क्लाउडवर चालणारी लाइटरूम सीसी, आणि आपल्या डिस्कवर चालणारी जुनी, जिला ‘क्लासिक’ म्हणायला लागले. त्या वर्षाच्या शेवटी लाइटरूम ६ चे अपडेट थांबले, म्हणजे त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल तिला थेट वाचता येत नाही. पुढच्या वर्षी फोटो कुठे काढला ते दाखवणारा तिच्यातला नकाशाही बंद पडला, कारण तो गूगलच्या सेवेवर चालत होता आणि ते नूतनीकरण झालं नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमधलाही एखादा भाग बाहेरच्या सर्व्हरवर टांगलेला असेल, तर तेवढा भाग कधीच आपल्या मालकीचा नसतो. हे ज्यांनी तेव्हा पाहिलं ते विसरणार नाहीत.

न्यायाने बोलायचं तर सबस्क्रिप्शनचा फायदाही झाला. सीएस६ च्या वेळी एकट्या फोटोशॉपसाठी ६९९ डॉलर मोजावे लागायचे. एवढी रक्कम एकदम काढणं शिकाऊ मुलामुलींच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून घरोघरी क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, चालायची. नंतर फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिन्याला ९.९९ डॉलरची फोटोग्राफी योजना आली आणि कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा अधिकृत सॉफ्टवेअर वापरलं. ही चांगलीच गोष्ट झाली. हप्ता थांबला तरी क्लासिक पूर्ण कुलूपबंद होत नाही, हेही खरं. फोटो दिसतात, शोधता येतात, जेपेग बाहेर काढता येतात. पण डेव्हलप मॉड्यूल बंद होतं, म्हणजे जिथे आपण एवढी मेहनत घेतली तिथलाच दरवाजा लागतो. आपलं काम लांबून बघता येतं, त्यावर पुन्हा बसता येत नाही.

आणि दरावर आपलं काही चालत नाही. जानेवारी २०२५ पासून २० जीबी क्लाउड जागेची ती स्वस्त फोटोग्राफी योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. जुन्यांपैकी जे महिन्याच्या महिन्याला पैसे भरत होते, त्यांचा दर ९.९९ वरून १४.९९ डॉलर झाला. वर्षाचे एकदम भरणाऱ्यांचा तसाच ठेवला. कंपनी आपली किंमत ठरवणार, तो तिचा अधिकार. पण दहा-बारा वर्षांचा कॅटलॉग ज्याच्या इंजिनात अडकला आहे, तो माणूस ‘नको मला’ म्हणून उठून जाऊ शकतो का? नाक दाबलं की तोंड उघडतं, हे विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं.

सोडून जाण्याची वाट कशी ठेवली जाते, हाही यातलाच भाग. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅडोबवर दावा दाखल केला. ‘वार्षिक, पण पैसे महिन्याला’ या योजनेत मध्येच सोडलं तर पहिल्या वर्षाच्या उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे आकारले जातात. ही अट ग्राहकाला ठळकपणे दाखवली जात नाही आणि रद्द करण्याची प्रक्रिया मुद्दाम किचकट ठेवली आहे, असा त्यांचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. आरोपाचा निकाल काहीही असो, पण आपण कुठलंही सबस्क्रिप्शन घेतो तेव्हा ‘महिन्याला’ हा शब्द वाचून थांबतो आणि बांधिलकी वर्षाची आहे हे वाचतच नाही, एवढं तरी यातून घ्यावं.

दुसरं एक उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका आदेशामुळे व्हेनेझुएलातल्या सगळ्या ग्राहकांची खाती बंद करणार असल्याचं अ‍ॅडोबने कळवलं. फाइल उतरवून घ्यायला महिन्याअखेरपर्यंतची मुदत. पुढे सरकारकडून परवाना मिळाला आणि सेवा चालू राहिली, पण मधले काही आठवडे एका अख्ख्या देशातले डिझायनर आणि फोटोग्राफर टांगणीला लागले होते. त्यांनी काही चूक केली नव्हती, पैसे बुडवले नव्हते. दोन सरकारांचं भांडण आणि यांचं काम बंद. डिस्कवर बसवलेल्या, कुणाला विचारावं न लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे इतक्या सहज घडलं नसतं.

आता क्लाउडकडे येतो. क्लाउडला माझा विरोध नाही, मी स्वतः वापरतो. फोनवर निवड करायची, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर काम करायचं, याची सवय एकदा लागली की सुटत नाही. पण दोन गोष्टींची गल्लत होते, ती फार महागात पडते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये एका ठिकाणी फोटो उडवला की सगळीकडून उडतो. तेच तर त्याचं काम आहे. बॅकअप तो, जो आपली चूक आपल्यामागे धावत जाऊन पुन्हा करत नाही.

आकाराचाही हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी. २० जीबीत अशा जेमतेम सातशे बसतात. एखाद्या समारंभात एका दुपारी त्याहून जास्त निघतात. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायचं तर सात तास, तेही लाइन एकदाही न तुटता. म्हणजे ज्याचं काम जास्त, त्याला जागा विकत घेत राहणं भागच आहे, आणि एकदा दोन-तीन टीबी वर गेले की ते परत खाली उतरवणं हेच एक मोठं प्रकरण होऊन बसतं. आत जाणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड, अशी त्याची रचनाच असते.

‘फुकट’ आणि ‘अमर्याद’ या शब्दांवर किती विसंबायचं, याचेही दाखले भरपूर आहेत. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटने २०१३ मध्ये प्रत्येकाला १ टीबी फुकट दिलं. मालक बदलले आणि २०१८ च्या शेवटी घोषणा झाली: फुकट खात्यात फक्त १००० फोटो राहतील. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली. २००८ मध्ये डिजिटल रेलरोड नावाची सेवा बुडाली. ती हौशी लोकांची नव्हती, व्यावसायिक फोटोग्राफर तिथे आपला संग्रह ठेवायचे. त्यांना फाइल काढून घ्यायला २४ तास मिळाले. चोवीस तासांत एखादा माणूस आयुष्यभराच्या कामातलं किती उतरवून घेईल?

सॉफ्टवेअर स्वतःच चुकतं तेव्हाचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२० मध्ये आयफोन-आयपॅडवरच्या लाइटरूमच्या एका अपडेटने, क्लाउडवर न चढलेले फोटो आणि प्रीसेट पुसून टाकले. कंपनीने माफी मागितली आणि सांगितलं की ते परत मिळणार नाहीत. अ‍ॅप आपोआप अपडेट होतं, आपण त्या दिवशी काही दाबलेलंही नसतं.

मग मागायचं काय? माझ्या मते एकच मागणी धरून बसावं: मी ठरावीक काळ पैसे भरले, तर थांबेन त्या दिवशी निदान एक आवृत्ती माझ्याकडे चालू राहिली पाहिजे. नवे कॅमेरे नकोत, नवी फीचर नकोत, क्लाउडची जागा नको. फक्त जुनं काम उघडता आणि बदलता आलं पाहिजे. यात अशक्य काही नाही. प्रोग्रामरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये सबस्क्रिप्शन आणलं, ग्राहकांनी आरडाओरडा केला, आणि कंपनीने नियम बदलला: सलग बारा महिने भरलेत की एक आवृत्ती कायमची तुमची. कंपनी बुडाली नाही, ग्राहकही टिकले. फोटोग्राफरांनी तेवढ्या जोरात आवाज केला नाही, असं मला वाटतं. आपण ‘काय करणार’ म्हणत कार्डाचा नंबर भरत गेलो.

पर्याय आहेत, आणि ते आता कामचलाऊ राहिलेले नाहीत. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. फोटो लावून ठेवायला, कीवर्ड द्यायला, शोधायला डिजिकॅम उत्तम आहे. डीएक्सओचं फोटोलॅब एकदाच पैसे भरून मिळतं. अ‍ॅफिनिटी फोटो अनेकांचा आधार होता, पण २०२४ मध्ये कॅन्व्हाने ती कंपनीच विकत घेतली, त्यामुळे ‘एकदाच पैसे’ हे आश्वासनही मालकासोबत बदलू शकतं हे लक्षात ठेवा. डार्कटेबल पहिल्या आठवड्यात डोकं उठवतं, हे आधीच सांगतो. त्याची विचार करण्याची पद्धत वेगळी आहे. लाइटरूमची सवय घेऊन गेलात तर चिडचिड होईल, कोऱ्या पाटीने गेलात तर जमेल.

आणि सबस्क्रिप्शन चालू ठेवणाऱ्यांनीही काही गोष्टी आजच करून ठेवाव्यात. लाइटरूम क्लासिकमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याची सेटिंग चालू करा, म्हणजे सगळं फक्त कॅटलॉगमध्ये अडकणार नाही. जे फोटो खरोखर महत्त्वाचे आहेत, त्यांची अंतिम प्रत १६ बिट टिफमध्ये काढून ठेवा. टिफ कुठेही उघडतं, उद्याही उघडेल. फाइल मोठी होते, पण डिस्क स्वस्त आहे. फोल्डर तारखेप्रमाणे ठेवा, सॉफ्टवेअरमधल्या कलेक्शनच्या भरवशावर राहू नका, कारण कलेक्शन एक्सएमपीत जात नाहीत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवायला काहीच हरकत नाही. ती एकमेव प्रत असू नये, इतकंच.

तुमच्यापैकी कुणी हजारो फोटोंचा कॅटलॉग घेऊन लाइटरूममधून डार्कटेबल किंवा कॅप्चर वन या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरला गेलं असेल, तर कीवर्डची उतरंड शाबूत कशी नेली ते कमेंटमध्ये सविस्तर लिहा. व्हर्च्युअल कॉपींचं, म्हणजे एकाच फोटोवर केलेल्या वेगवेगळ्या एडिटचं, काय केलं, तेही लिहा. त्या एक्सएमपीत जात नाहीत, आणि माझ्या जुन्या कामात त्या बऱ्याच आहेत.