खुलासा: ‘मूल जेवलं नाही तरी लिटरभर दूध पुरतं’ हे चूक आहे

‘वर्षावरचं मूल जेवत नसेल तर रोज लिटरभर दूध पाजा, दूध पूर्णान्न आहे’ असा संदेश फिरतो आहे. कृपया तो पुढे पाठवू नका.

गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. शिवाय त्यातलं कॅल्शियम अन्नातल्या लोहाचं शोषण कमी करतं. पोट दुधानेच भरलं की वरण-भात, अंडं, पालेभाजी मागे पडते आणि रक्तक्षय, बद्धकोष्ठता मागे लागते.

१ ते ३ वर्षांच्या मुलाला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नुसार रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० असतं, म्हणजे ४०० मिली पुरे. दहीही त्यातच धरा. आईचं दूध चालू असेल तर वरचं आणखी कमी. जेवणाआधी नको, नंतर द्या, तेही कपातून. रात्रीच्या बाटलीने दात किडतात. मूल फिकट दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.