पावणेतीन म्हशींची ट्रॉली

आमच्या घरी सहा म्हशी आहेत आणि त्यांचा सगळा कारभार सौभाग्यवतींच्या हाती आहे. माझ्याकडे अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे तास आणि घरी आल्यावर दुधाच्या हिशेबाची वही, एवढीच खाती आहेत. आटलेली म्हैस धुळ्याच्या बाजारात न्यायची असो, तिच्या जागी नवी आणायची असो किंवा आजारी जनावर डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचे असो, आम्ही आजवर गावातल्या एकुलत्या एक पिकअपवर अवलंबून होतो. त्या गाडीचा मालक सकाळी सहाला येतो म्हणाला की आमच्या घरी दुपारच्या चहाला एक कप वाढवून ठेवतात. गेल्या चैत्रात बाजारासाठी धुऊनपुसून, शिंगांना तेल लावून उभी केलेली म्हैस अडीच तास वाट पाहून पुन्हा चिखलात जाऊन बसली, तेव्हा सौभाग्यवतींनी जाहीर केले, "अहो, आता आपली स्वतःची ट्रॉली घ्यायची. गुरांची. तुम्ही विज्ञान शिकवता ना, मग निवडा."

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने ट्रॉली निवडू नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

नियम वाचल्याशिवाय प्रयोगाला हात लावायचा नाही, ही आमच्या प्रयोगशाळेतली शिस्त. म्हणून मी प्रथम नियम मिळवले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली जनावरांच्या वाहतुकीसाठी एक स्वतंत्र कलम घातले गेले आणि त्यात प्रत्येक जनावराची जागा आखून दिली आहे. गाय किंवा म्हैस असेल तर २ चौरस मीटर, घोडा असेल तर २.२५, शेळी-मेंढीला ०.३ आणि कोंबडीला ४० चौरस सेंटिमीटर. घोड्याला म्हशीपेक्षा पाव चौरस मीटर अधिक देण्यामागे त्याचा आकार आहे की वरातीतले वजन, याचा खुलासा नियमात नाही. कोंबडीच्या वाट्याला मात्र जेमतेम सव्वादोन आगपेट्यांची जागा आलेली पाहून मला वाईट वाटले. पण भुसावळच्या गाडीत सणासुदीला साध्या डब्यातून केलेले प्रवास आठवले आणि कोंबडीविषयीची कणव आवरती घेतली.

त्याआधीचे, १९७८ सालचे, जनावरांच्या वाहतुकीचे नियमही मी वाचले. एका मालवाहू गाडीत सहांपेक्षा जास्त गुरे न्यायची नाहीत, पायाखाली काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या टाकायच्या, सोबत दुसरा माल भरायचा नाही, जनावरे बिथरू नयेत म्हणून त्यांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे ठेवायची आणि प्रत्येक गाडीबरोबर एक सोबती द्यायचा. हा शेवटचा मुद्दा मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवला. लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण या घरातल्या माझ्या स्थानाला कायद्याचा आधार आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

आता गणित सोपे होते. बाजारात सर्रास मिळणारी ट्रॉली १० फूट लांब आणि ६ फूट रुंद, म्हणजे ६० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५.५७ चौरस मीटर. त्याला दोनाने भागले की उत्तर येते २.७९. दोन म्हशी पूर्ण आणि तिसरीचा पाऊण भाग! उरलेला पाव भाग कोणता आणि तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न मी रात्री जेवताना मांडला. आई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "म्हैसले इचारं का तू?" आईला मोटार वाहन नियम ठाऊक नसल्याने मी त्याकडे दुर्लक्ष केले. ही चूक होती, पण त्याविषयी पुढे.

ट्रॉली घ्यायची आहे ही बातमी गावात पसरायला एक संध्याकाळ पुरली आणि दुसऱ्या दिवसापासून सल्लागार येऊ लागले. आमच्या खान्देशात पाहुण्याला शेवभाजी आणि सल्ला या दोन गोष्टी पोट भरेपर्यंत वाढतात. फरक एवढाच की सल्ला पाहुणाच वाढतो. यावल तालुक्यातून आलेले थोरले मेव्हणे म्हणाले की बाजूचे पत्रे दोन फुटांहून उंच नकोत, कारण उंच पत्र्यावरून केळीचे घड उतरवताना घासले जातात. मी म्हणालो की आमच्याकडे केळी नाहीत. ते म्हणाले, "आमच्याकडे आहेत ना." शेजारचे नाना कापूसवाले. कापूस हलका पण फुगीर माल, त्यामुळे त्यांच्या मते पत्रे सहा फुटांहून कमी असतील तर ट्रॉली घेण्यात अर्थच नव्हता. चुलतभावाने शेणखत आपोआप खाली ओतले जावे म्हणून हायड्रॉलिक जॅकचा आग्रह धरला, म्हशी आत असताना तो जॅक चुकून उचलला गेला तर काय, या माझ्या शंकेवर तो थोडा वेळ गंभीर झाला आणि मग म्हणाला, "लवकर उतरतील." शहाद्याकडच्या साडूंना सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचे वेड. त्यांनी घोड्याच्या सव्वादोन चौरस मीटरचा विचार करून ठेवायला सांगितले. भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी तर सखाराम महाराजांच्या यात्रेला जाताना टाळकऱ्यांना टेकायला आतून आडवी दांडी असावी, अशी मागणी लेखी दिली.

चार दिवसांनी माझ्या लक्षात आले की गावात गुरांच्या ट्रॉलीबद्दल आस्था नसलेला एकही माणूस नाही आणि त्या ट्रॉलीत गुरे असावीत असे वाटणाराही एकही नाही.

एका रविवारी मी आणि चुलतभाऊ धुळ्याला एका ट्रॉली बनवणाऱ्याकडे गेलो. त्याच्या आवारात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि त्याच ठिणग्यांच्या उजेडात तो ग्राहकाचा चेहरा वाचत असावा, कारण मी तोंड उघडण्याआधीच त्याने ओळखले, "सर, तुम्ही शिक्षक का?" त्याने तळासाठी १० गेजचा पत्रा सुचवला. मी बाणेदारपणे म्हणालो, "दहा कशाला? चांगला सोळा गेजचा घाला. पैशांची काळजी करू नका." त्याने हातातला होल्डर खाली ठेवला, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि मला नीट पाहून घेतले. गेजचा आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि १६ गेज म्हणजे जेमतेम १.६, हे त्याने मला ज्या मायेने समजावले, त्या मायेने मी नववी 'ब'ला कधीही काही समजावलेले नाही. पाच क्विंटलची म्हैस पातळ पत्र्यावर उभी राहिली तर तळ नगाऱ्यासारखा वाजतो, मग खोलगट होतो, मग त्या खोलगटात मूत साचते आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजून भोक पडते. बाहेर आल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, सोळावा वेतन आयोग म्हणजे पगार पातळ का रे?"

लांबीचा वाद मात्र मी जिंकला. तीन म्हशींना ६ चौरस मीटर हवेत, तेवढी जागा ११ बाय ६ फुटांत बरोबर बसते. कारागीर म्हणाला की अकरा कोणी बनवत नाही, एक तर दहा नाही तर बारा. बारा फुटांत तीन म्हशी बसून ०.६९ चौरस मीटर उरतात, म्हणजे नियमाप्रमाणे त्यात दोन शेळ्या मावतात. आमच्याकडे शेळ्या नाहीत. तरीही आम्ही बारा ठरवली आणि सौभाग्यवतींनी त्याच आठवड्यात शेळ्यांचे भाव विचारायला सुरुवात केली.

दोन चाकी की चार चाकी, हा खरा पेच. चार चाकी ट्रॉली स्वतःच्या पायांवर उभी असते, तिचा भार ट्रॅक्टरवर पडत नाही. पण तिचा पुढचा आस फिरता असल्याने ती मागे घेणे म्हणजे दोन बिजागऱ्यांची काठी शेपटाकडून ढकलणे. दोन चाकी मागे घेता येते, मात्र तिच्यात माल आसाच्या किंचित पुढे असावा लागतो. भार मागे सरकला तर ट्रॅक्टरला जोडायची दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. कापसाचे वजन ठेवले तिथे राहते. म्हशीचे वजन चार पायांचे आहे, त्याला वाटेल तिथे ते जाते. हे मला सगळे समजत होते. आमच्या गोठ्यापर्यंतचा बोळ अरुंद असल्याने, वजन एका जागी राहावे म्हणून आत आडवे अडसर घालून घेतले आणि दोन चाकीच घेतली.

छपराच्या बाबतीत मी कुणाचे ऐकले नाही. नानांना पत्र्याचे छप्पर हवे होते, म्हणजे कापूस भिजणार नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हशीची कातडी काळी आणि तिच्या अंगावर घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. पत्र्याखाली तिला उभी करणे म्हणजे धुळ्यापर्यंत भरीत करत नेणे. मी कमानी बसवून वर हिरवी जाळी टाकली. त्या कमानींना फुलांच्या माळा किती छान लागतील, असे आमच्या दाराशी थांबलेल्या तीन वेगवेगळ्या वधूपित्यांनी मला सांगितले.

ट्रॉली आली. निळा रंग, मागे लाल रेडिअम, आणि पेंटरकडून मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेले 'फक्त गुरांसाठी'. मागचा फाळका खाली पाडला की त्याचाच चढ होत असे. तळाची उंची ३ फूट. ४ फुटांच्या फाळक्याने चढ ४९ अंशांचा झाला असता, म्हणून मी तो ६ फुटांचा करून ३० अंशांवर आणला होता, वर पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या होत्या. नारळ फुटला, आणि सगळ्यात शहाणी म्हणून नावाजलेल्या थोरल्या म्हशीला पुढे आणले.

तिने फाळक्यावर एक पाय ठेवला. पत्रा 'ठण्ण' वाजला. तिने पाय काढून घेतला, जाळीतून तळावर पडलेल्या चौकड्या-चौकड्यांच्या सावलीकडे बराच वेळ पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती खाली बसली. पुढचा पाऊण तास गावातल्या एकोणीस माणसांनी तिला उठवण्याच्या एकोणीस रीती सांगितल्या. शेवटी आई आतून आली. तिने गोठ्यातले, त्याच म्हशीच्या पायाखालचे काड आणि शेण घमेलेभर आणून फाळक्यावर आणि तळावर पसरले. आवाज दबला, सावल्या झाकल्या गेल्या, वास ओळखीचा झाला. म्हैस उठली आणि घरी आल्यासारखी चढू लागली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. चुलतभाऊ डिझेल आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला होता, म्हणजे ट्रॉली सोडवलेली होती आणि तिची दांडी एका दगडावर टेकली होती. मागे भार आला की पुढचे टोक उचलणार, हे तरफेचे तत्त्व त्याच आठवड्यात मी वर्गात शिकवले असल्यामुळे मी तत्परतेने दांडीवर जाऊन बसलो. माझे वजन ६२ किलो, आसापासून अंतर ९ फूट, गुणाकार ५५८. म्हशीचे वजन ५०० किलो, अंतर ५ फूट, गुणाकार २५००. ट्रॉलीच्या दांडीचा स्वतःचा भार धरला तरी हे उदाहरण कच्च्या मुलांनाही सुटले असते; मला ते सुटेपर्यंत मी जमिनीपासून बराच वर गेलेलो होतो. तिथून नानांची गच्ची, गच्चीवर वाळत घातलेले नागलीचे पापड आणि पापडांपलीकडे मारुतीचा कळस असे रमणीय दृश्य दिसत होते. खाली एकोणीस माणसे गप्प होती. म्हशीला तळ झुकल्याचे जाणवले, ती मुळीच न घाबरता चार पावले उलट उतरली आणि त्याबरोबर मी मूळ जागी परत आलो. कुणालाही लागले नाही. आईने फक्त एवढेच विचारले, "आते इचारं का?"

त्यानंतर दांडीखाली टेकू बसवला, फाळक्याच्या पायथ्याशी मातीचा भराव घातला, आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडल्याशिवाय तिच्याजवळ जनावर न्यायचे नाही असा घरचा नियम झाला. तिन्ही म्हशी आता मुकाट चढतात आणि इंजिनाकडे तोंड करून उभ्या राहतात. निदान मला असे सांगण्यात आले आहे, कारण ट्रॉली आल्यापासूनच्या दोन महिन्यांत मला तिच्यासोबत बाजारात जाण्याचा योग एकदाच आला. पहिल्या आठवड्यात ती केळीला गेली, कारण मेव्हण्यांना नाही कसे म्हणणार? मग खताला. मग यात्रेला, भजनी मंडळाने 'फक्त गुरांसाठी' या अक्षरांवर पताका लावून घेतली. मी १९७८ सालच्या नियमातले 'दुसरा माल भरायचा नाही' हे वाक्य अध्यक्षांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले की माल नाहीच, माणसे आहेत.

परवा एक म्हैस आटली म्हणून बाजारात न्यायची होती. डॉक्टरांचा दाखला काढून आणला, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे ताडून पाहिले, शिंगांना तेल लागले, आणि ट्रॉली जागेवर नव्हती. सौभाग्यवतींनी आदल्या संध्याकाळी ती कुणाला तरी मांडवाचे सामान आणायला दिली होती. लेकीचे लग्न होते, नाही म्हणवेना. शेवटी त्याच जुन्या पिकअपला फोन केला. गंमत म्हणजे ती सहाच्या ठोक्याला दारात हजर झाली. मी कौतुकाने विचारले, आज एवढ्या वेळेवर कसे? मालक म्हशीच्या पायाखाली काड पसरत म्हणाला, "आज गाडी रिकामी व्हती ना मास्तर. मांडवनं समदं सामान तुमनी ट्रालीमा गयं."

मग त्याने धुळ्यापर्यंतचे भाडे सांगितले आणि वर म्हणाला, "तुम्ही घरना मानसं, पन्नास रुपया कमी द्या."