‘अनुभव असला की प्रशिक्षण कशाला?’ या संदेशाला उत्तर

बडोद्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून पावसाळ्याच्या तोंडावर एक संदेश फिरतो. त्याचा आशय असा, की विश्वामित्रीचे पूर पाहिलेल्या स्वयंसेवकांना आपत्ती प्रतिसाद पथकाच्या प्राथमिक प्रशिक्षणाची, म्हणजे आपत्तीत सगळ्या यंत्रणांनी एकाच रचनेत काम करण्याची पद्धत (इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम) शिकवणाऱ्या वर्गाची, गरज नाही. ते अधिकाऱ्यांसाठी आहे, परदेशी पद्धतीवर बेतलेले आहे, त्यात फॉर्म भरण्यातच वेळ जातो, आणि ज्याला खरी मदत करायची आहे त्याने गरज दिसेल तिथे थेट धावावे. लिहिणाऱ्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, परंतु हा सल्ला माणसांना धोक्यात घालणारा आहे.

जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरांत ज्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर नेले, त्यांचा अनुभव मोलाचा आहे. कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. प्राथमिक प्रशिक्षण मात्र पोहायला किंवा होडी चालवायला शिकवतच नाही. घटनास्थळी पोचल्यावर हजेरी कुठे द्यायची, आदेश कोणाकडून घ्यायचा, केलेले काम कोणाला कळवायचे आणि पाळी संपताना ते पुढच्याच्या हाती कसे सोपवायचे, हे ते शिकवते. मोठ्या पुरात महापालिका, अग्निशमन दल, पोलीस, बडोद्याजवळच्या जरोदची राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) सहावी बटालियन आणि प्रसंगी लष्कर एकाच वेळी कामाला लागतात. अशा वेळी प्रत्येकाला एकच वरिष्ठ असावा, आणि एका वरिष्ठाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच जण असावेत, हे नियम पाळले नाहीत तर एकाच सोसायटीकडे दोन होड्या जातात आणि शेजारच्या सोसायटीकडे एकही जात नाही. स्वतःच्या गल्लीपुरता अनुभव ही चूक टाळू शकत नाही.

‘हे अधिकाऱ्यांसाठी आहे’ हा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. जिल्ह्यात सर्वोच्च जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते हे खरे, परंतु त्यांचे आदेश शेवटी पथकातील सदस्यच अमलात आणतात, आणि त्यांनाच रचना कळली नाही तर वरच्यांचे प्रशिक्षण वाया जाते.

परदेशी मुळाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांत तेरा दिवसांत १६ माणसे गेली आणि सातशेच्या आसपास इमारती जळाल्या. त्यानंतरच्या चौकशीत असे दिसले की वेगवेगळ्या यंत्रणांचे संदेशवहन आणि आदेशांची साखळी जुळत नव्हती, आणि त्या अनुभवातून ही मूळ पद्धत (इन्सिडंट कमांड सिस्टिम) उभी राहिली. हीच अडचण आपल्याकडेही आहे. शिवाय राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढताना ती जशीच्या तशी उचलली नाही: आपल्या प्रशासनाला साजेसे ‘जबाबदार अधिकारी’ हे पद इन्सिडंट कमांडरच्या, म्हणजे घटनास्थळीच्या कामाच्या प्रमुखाच्या, वर ठेवले, आणि मूळ पद्धतीत स्वतंत्र असलेला वित्त विभाग रसद विभागाखाली आणला. गुजरातने तर आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००३ मध्येच, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधी केला होता.

फॉर्मांविषयीची चीड मला समजते, कारण ते कशासाठी आहेत हे क्वचितच कोणी समजावून सांगते. हजेरी आणि नेमणुकीच्या यादीत आपले नाव नसेल, तर आपण पाण्यात अडकलो आहोत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. वैद्यकीय योजनेचा कागद तयार असेल, तर जखमी सदस्याला कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने न्यायचे हे आयत्या वेळी शोधावे लागत नाही. कामाच्या नोंदवहीमुळे रात्रीच्या तुकडीला कळते की कोणती घरे तपासून झाली आहेत. ती नसेल तर थकलेली माणसे त्याच घरांना पुन्हा हाका मारत बसतात आणि उरलेली घरे सकाळपर्यंत वाट पाहतात.

संदेशातील एक भाग मला मान्य आहे: नुसते प्रमाणपत्र मिळाल्याने कोणी तयार होत नाही. प्राथमिक वर्गानंतर सराव हवा, निदान पावसाळ्याआधी नकाशा टेबलावर पसरून काल्पनिक पुराची एक उजळणी तरी व्हायला हवी. ती मागणी संदेशाने केली असती तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

‘थेट धावा’ हे वाक्य मात्र कृपया कोणी पुढे पाठवू नये. विश्वामित्रीत मगरी आहेत, पूर आला की त्या वस्तीत शिरतात, आणि बुडालेल्या मीटरपेट्यांतील वीज बंद झाली आहे की नाही हे काठावरून दिसत नाही. म्हणूनच या रचनेत सुरक्षा अधिकारी असतो आणि धोकादायक काम जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार त्याला असतो. परंतु जो कोणाकडेही नोंद न करता पाण्यात उतरला आहे, त्याला तो थांबवू शकत नाही.